खंडेनवमीला अडकलेलं दार

घरातलं काम घरच्यांनीच करावं, हे माझं मत मी येईल त्याला ऐकवतो. त्याच जोरावर मी बाथरूमच्या दाराला नवं लॅच बसवलं, व्हिडिओ बघून. दुसऱ्याच दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, ताई आत अडकली. नव्या नोकरीवर हजर व्हायला तिला हुबळीला जायचं होतं आणि गाडीला जेमतेम तास उरला होता.

मी स्क्रू ड्रायव्हर घ्यायला धावलो, तर अप्पांनी सगळी हत्यारं कुंकू लावून देवापुढे मांडलेली.

"आज त्यांना हात लावायचा नाही."

"अप्पा, ताई आत आहे."

"म्हणूनच सांगतोय. तू तर मुळीच लावू नकोस. मंजण्णाला बोलाव."

मंजण्णा म्हणजे आमच्या चामराजपेटेतला सुतार. नवा शर्ट घालून आला, पण हात रिकामे. त्याचीही हत्यारं पूजेत होती. लॅच मी स्वतः कसं बसवलं, ते मी त्याला सांगू लागलो.

आतून ताई म्हणाली, "भाषण पुरे झालं असेल त्याचं, तर दार उघडा."

"स्वल्प थांब, अक्का," मंजण्णा म्हणाला. त्याने आईकडून उलथनं मागितलं, फटीत सरकवलं, दार खांद्याने रेटलं. खट्ट. ताई बाहेर आली, बॅग उचलून थेट रिक्षात बसली. गाडी मिळाल्याचा तिचा फोन आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मंजण्णाने उलथनं आईला परत दिलं. "अक्का, हे पूजेत ठेवायचं राहिलं की."

आई म्हणाली, "ठेवलं असतं, तर आज जेवला असता काय तुम्ही?"