आणखी काही?

—मार्कांचा प्रश्नच नाही गं, मार्क बघितले तुझे. पण व्यसनाच्या प्रयोगशाळेत काम म्हटलं की मुलांना वाटतं पांढरे कोट, उंदीर — उंदीर शेजारच्या इमारतीत, आमच्याकडे माणसं येतात. आपण विचारायचं, गेल्या महिन्यात दारू किती वेळा घेतली, कुणाबरोबर, मग काय झालं. ते सांगतात, आपण ऐकायचं. झालं. सोपं वाटतं ना? नाहीये. कारण चेहरा हलवायचा नाही. 'अरेरे' नाही, 'शाब्बास' नाही, उपदेश तर मुळीच नाही — आपण हळहळलो की माणूस पुढचं उत्तर आपल्याला बरं वाटेल असं देतो, म्हणजे सगळं मुसळ केरात. म्हणून एकच आवाज ठेवायचा. "बरं. आणखी काही?" म्हणून बघ. हसू नकोस, अजून सपाट. हां, असं.

मला हे फार छान जमतं. सर नव्या मुलांना माझंच सरावाचं रेकॉर्डिंग ऐकवतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान — जाऊ दे. ती खुर्ची नको, डुगडुगते, ही घे. तर हा आवाज अंगवळणी पडतो बघ, आणि घरी जाताना इथे काढून ठेवता येत नाही. परवा माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. वर्षभर सुटली होती त्याची — वर्षभर! मी नातेवाइकांत मिरवत होते. म्हणाला, "ताई, काल परत घेतली." रडत होता. मी भांडी घासत होते, फोन खांद्याला धरलेला, आणि माझ्या तोंडून काय यावं? "बरं. आणखी काही?"

तो म्हणाला, "नाही मॅडम, एवढंच." आणि ठेवला फोन.

आई गेल्यावर मीच वाढवलं गं त्याला. तापात रात्र रात्र उशाशी बसलेय. लाज वाटते, दुसरं काय. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही — तुला कशाला सांगतेय मी हे? सांगते. त्या काचेतून बघ, पण हळूच. निळा शर्ट — तोच. मी नाही बोलावलं, आपली मुलाखतींची जाहिरात वाचून आलाय, मी इथे असते हे ठाऊक असूनही. इथे कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतं म्हणून आला, का मला दाखवायला आला? विचारायची सोय नाही. नात्यातल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही, त्याची उत्तरंही बघायची नाहीत. माझी सहकारी घेणार आहे. नव्या मुलीनं पहिल्या दिवशी नुसतं शेजारी बसायचं असतं, तोही हरकत नाही म्हणालाय. तर तू बस. बाहेर आलीस की मला काही सांगायचं नाही. त्यानं माझं नाव काढलं का — नाही, तेही नाही. मी विचारलं तरी नाही.

आणि तो रडला, तर — तर चेहरा — हे बघ, पाणी दे त्याला. पाणी द्यायला बंदी नाही. जा, बोलावतायत तुला. जा म्हटलं ना.