टेप धर, रॉली!

...नाही पण मी म्हणतो, भिंत चार फूट जाड की तीन फूट अकरा इंच, यानं कुणाचं काय अडलं होतं? कंप्यूटरमधली भिंत! तिला ना वारा लागणार, ना मेंढी अंग घासणार! पण आमची थोरली बहीण थर्झा, वय अडुसष्ट, भर गारांत त्या पडक्या घराशी उभी राहून ओरडते, "रॉली, टेप धर!" आणि मी धरतो. तुम्हाला सांगतो, दोन वर्षं धरली!

कारण आई. आईचे गुडघे गेले, ती वृद्धाश्रमात. इकडे घराचं छप्पर बसलं. आणि आई दर रविवारी विचारणार, "मला वर चुलीपाशी कधी नेताय?" वर म्हणजे वरच्या मजल्यावर हो. खाली गुरं, वर माणसं... सरहद्द ओलांडून स्कॉटलंडचे गुरंचोर यायचे, तेव्हापासूनची आमची रीत. मी म्हटलं, फोटो दाखवू. तर थर्झा म्हणाली, "फोटोत बसता येतं का रे, मठ्ठा?" आणि कंप्यूटरात ते एक जग आहे ना, जिथं माणसं आपापले बाहुले घेऊन हिंडतात, तिथं जागा घेऊन बसली! एका बोटानं टाइप करणारी बाई, पण दगड न् दगड रचला हो! चुलीवरची काजळीसुद्धा! आधी मी हसलो, मग म्हटलं, "मानलं तुला, थर्झा!" "मानलंस ना? मग टेप धर, रॉली. खिडक्या राहिल्यात."

शेवटी एका रविवारी आईपुढे लॅपटॉप ठेवला. आईची बाहुली बाहेरच्या सोळा पायऱ्या चढली, धापसुद्धा लागली नाही! आत गेली. आम्ही श्वास रोखून... आणि आई म्हणते, "हे कुणाचं घर?"

कुणाचं! थर्झाचा चेहरा बघवेना. "आपलंच गं, आई!"

"चल! आपल्याकडं भर दुपारी एवढा उजेड?"

खरंच की! वीतभर खिडक्या, उजेड येणार कुठून? त्या नुसत्या मोजल्या, त्यांच्यामागं बसून उजेड किती, ते कुणी बघितलंय? थर्झानं उजेड कमी केला. आणखी कमी. आणखी... लॅपटॉपचा पडदा काळाकुट्ट झाला, त्यात मला माझंच टक्कल दिसायला लागलं, तेव्हा कुठं आई म्हणाली, "हां. आता आले घरी."

थर्झा अशी खूश! "आई, आता गंमत ऐक," म्हणाली आणि दाराला अडसर घातला. धाडकन! काय आवाज जमवला होता!

आई केवढ्यानं ओरडली, "अगं ए! अडसर काय घालतेस? तुझे बाबा अजून बाहेर आहेत ना!"

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. थर्झानं माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीबाहेर. मग तिनं हळूच अडसर काढला. "राहू दे उघडं, आई," म्हणाली.

तेव्हापासून दार सताड उघडं! अख्ख्या खोऱ्यातलं सगळ्यात भक्कम घर, आणि येतंय कोण, जातंय कोण, काही पत्ता नाही! काल आईकडं जाऊन लॅपटॉप उघडून बघतो तर चुलीपाशी दोन ब्राझीलची पोरं आणि एक पंखवाला ड्रॅगन! मी म्हटलं, "आई, हाकलू का यांना?"

"बसू देत रे," आई म्हणाली. "बाहेर किती गारठा आहे. फक्त त्या पंखवाल्याला म्हणावं, बाबा आले की जरा सरक."