मागच्या सीटचा ब्रेक

मुलांनो, दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवरचा तुमचा फोटो मी, तुमच्या आजीनं, हौसाबाईंना दाखवला. त्या पिंपरी पेंढारच्या. त्यांचे यजमान रामभाऊ ओतूरला सायकली दुरुस्त करत. फोटो बघून त्या जे बोलल्या, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे.

माझं माहेर निमगाव सावा. वडलांचा मळा गावापासनं लांब, त्यांची भाकरी पोचवायची माझ्याकडं, आन घरात एकच मोठी सायकल, सीटवर बसलं तर पाय पुरायचं न्हाईत, म्हणून मधल्या त्रिकोनातनं पाय घालून वाकडी वाकडी चालवत जायची मी. आई म्हणायची, हौसे, लग्न झालं की हे बंद, सासरी बाईनं कॅरेजवर बसायचं असतं. आन तसंच झालं बघा. दिलं सायकलवाल्याला, आन माझी सायकलच सुटली. ह्यांचं दुकान ओतूरला यष्टी स्टँडाजवळ, सकाळी जायचे, सांजच्याला यायचे, मी कधी बाजाराला गेले तर मागं कॅरेजवर, एका अंगाला पाय सोडून, पदर दातात धरून.

मग नव्वद सालाच्या पुढं-मागं ह्यांचे डोळे गेले. काचबिंदू म्हणले डाक्टर. एकदम न्हाई, कडंकडंनं गेलं, आधी बाजूचं दिसंना, मग समोरचं बी. हाताला मातर सगळं कळायचं, चाक फिरवून बोट लावलं का सांगायचे, रिम कुठं वाकडी हाय. म्हणजे दुकान चाललं असतं, पण जायचं कसं? यष्टीनं गेले थोडे दिवस. कंडक्टर हाताला धरून उतरवायचा, लोकं म्हणायची, सरा सरा, आंधळ्याला जागा द्या, आन हे घरी येऊन जेवायचे न्हाईत. एक दिवस म्हणले, दुकान बंद करू. मी म्हणलं, मी नेते की तुमाला सायकलवर. तर म्हणले, कॅरेजवर बसवून? मी काय कांद्याची गोणी हाय?

काय सांगू बाई, त्या एका बोलण्यावरनं पुढचं सगळं झालं. दोन दिवसांनी ह्यांनी धाकट्या भावाला, आमच्या दत्तूभावजींना बोलवून घेतलं. भावजींचं वेल्डिंगचं काम. ह्यांनी सांगितलं, दोन जुन्या सायकली काप, एकीचं पुढचं अंग, एकीचं मागचं, एकामागं एक दोन सीटा, पुढं ही, मागं मी, आन मला पायडल पायजे. भावजी म्हणले, दादा, लोकं हसतील. हे म्हणले, हसू दे, मला कुठं दिसतंय.

आता पायडलचं ऐका. भावजींनी आपल्या मनानं मधी एक फ्रीव्हील टाकलं, म्हणजे मी पाय थांबवले तरी ह्यांचे चालू राहतील, ज्याला दम लागल त्यानं थांबावं. चांगल्यासाठीच केलं व्हतं. पण पहिल्याच दिवशी वळणावर मी थांबले, ह्यांना काय कळणार, हे आपले जोरात मारत राहिले, आन दोघं गेलो बाभळीच्या काट्यात. काटे काढता काढता हे म्हणले, फ्रीव्हील काढून टाक दत्तू, माझे पाय हिच्या पायाला बांध. मग डाव्या अंगाला एक चेन आली, माझ्या पायापासनं त्यांच्या पायापतोर, आन उजव्या अंगाला दुसरी, त्यांच्या पायापासनं मागच्या चाकाला. फ्रीव्हील तेवढं मागच्या चाकात. माझा पाय थांबला का त्यांचा थांबणार, मी फिरवला का फिरणार. मला म्हणले, तुझ्या पायातनं मला रस्ता कळतो.

खरी भांडणं झाली ब्रेकवरनं. पुढच्या चाकाला आपला साधा दांडीचा ब्रेक, रबरी गुटक्यांचा, तो माझ्या हँडलला. पण दोघांचं वजन, वर हत्यारांची पिशवी, आन ओतूरच्या अलीकडं उतार, गुटके भिजले का काय धरतात? म्हणून ह्यांनी मागच्या चाकाला जुन्या मोपेडचा ड्रम ब्रेक घ्यायला लावला, चाकाच्या आत बंद असतो, पावसात भिजत न्हाई. लेथवाल्याकडनं बसवून आणला, चाकात जाड तारा भरल्या, तिथवर कुणी बोललं न्हाई. मग हे म्हणले, ह्याची मूठ माझ्या हातात.

भावजी उठूनच उभे राहिले. म्हणले, दादा, डोकं फिरलंय का, न दिसणाऱ्याच्या हातात ब्रेक? वहिनी, तुमी तरी सांगा. मी बी म्हणलं, अवो, भलत्या टायमाला दाबला तर घसरू आपण. हे म्हणले, मग दोन्ही मुठी घे तुझ्याकडं, आन माझ्या सीटवर गोणी बांध, मी घरी बसतो. त्यांनी आवाज काही चढवला न्हाई. वायर तशीच लोंबत राहिली, भावजी जेवून गेले, दुसऱ्या दिवशी मी निरोप धाडला, मूठ मागं बसवा.

ब्रेक लागायचा झाला तर मी आवाज द्यायचा, असं ठरलं. हे म्हणले, नाव घे माझं, चटकन व्हतं. आता नवऱ्याचं नाव रस्त्यानं वरडत जायचं का मी? अवो म्हणीन, म्हणलं.

पारावरची माणसं काय सोडतात व्हय. म्हणायची, काय मिस्त्री, बायको फिरायला नेतीय का? हे मागनं म्हणायचे, फुकट न्हाई नेत राव, पायडल मारून घेती.

आन मग एकदा श्रावणात, भुरभुर चाललेली, त्या उतारावर पाय हळूहळू फिरवत वळण घेतलं तर समोर धनगराची मेंढरं, आख्खा रस्ता भरून. मी मूठ दाबली, गुटके नुसते सरकले, सायकल काय थांबना. अवो म्हणायचं तर तोंडच उघडंना माझं, पाय तेवढे जागच्या जागी आखडले. आन बाई, मागनं ब्रेक लागला. झटका न्हाई, दमादमानं, चाक करकरत, जळका वास सुटला, आन मेंढराला हात लागल एवढ्यावर सायकल उभी राहिली. मी खाली पाय टेकले. हे मागनं म्हणतात, मेंढरं हाईत काय गं? वास येतोय.

मी म्हणलं, मी तर आवाजच दिला न्हाई. तर म्हणले, पाय थांबले की तुझे, एकदम.

त्या सायकलवर लई वर्षं दुकान केलं आमी. आता माझे गुडघे गेले, रस्त्याला गाड्या बी फार. भावजी मोटरसायकलवर नेतात ह्यांना कधीमधी, मागं बसवून. मी म्हणते, आता कसं चालतं? तर हसतात, म्हणतात, वय झालं, आता गोणी तर गोणी. तुमची नातवंडं जोडीनं चालवतात म्हणता, चालवू दे, सुखात राहू दे.

आमची पडवीत उभी हाय. दसऱ्याला धुते, झेंडूची माळ घालते, हळदीकुंकू लावते. हे मागं उभं राहून विचारतात, ब्रेकला लावलंस का? मी म्हणते, आदी तुमच्याच. मग हात पुढं करून ते मूठ दाबतात, आन मी चाक ढकलून बघते. हलत न्हाई.