भालबाशेठची सोळा बटणांची घरघंटी

मंडळी, ऐका! आधी नीट बसून घ्या. ते मागचे, खांबाला टेकलेले — तुम्हीसुद्धा! खांब देवळाचा आहे, पडत नाही, सोडा त्याला.

आज एकच प्रश्न विचारतो. मत्सर आंधळा असतो म्हणतात. खरं आहे का हो? मला तर पटत नाही! जळणाऱ्या माणसाइतकं बारीक कुणाला दिसतं? शेजारणीनं नवी साडी नेसली — हिला काठ दिसतो, पदर दिसतो, वर ब्लाउजला आतून घातलेला टाकासुद्धा दिसतो! शेजाऱ्यानं गाडी घेतली — याला तिचा नंबर पाठ! स्वतःच्या पोराची जन्मतारीख विचारा, बायकोकडं बघतो! मग आंधळा कसा म्हणायचा? आणि एवढं लख्ख दिसतं, तर जळणारा माणूस ठेचकाळतो कसा? हा प्रश्न मनात धरा आणि म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!

आता गोष्ट. फार जुनी नाही. यात राक्षस नाही, ऋषी नाही. यात आहे घरघंटी! हसू नका. घरात दळायची, विजेवर चालणारी, कपाटाएवढी घरघंटी. कराडला एक भालचंद्र मिस्त्री होते. हातात कला! वाकडा पत्रा सरळ करतील, सरळ पत्र्याला बोलतं करतील. छोट्या शेडमध्ये घरघंट्या बनवायला लागले, धंदा वाढला, लोक त्यांना भालबाशेठ म्हणायला लागले. बायको इंदुमती — गरीब, कमी बोलणारी. मुलगी केतकी. सगळं भरलेलं ताट! पण ताटाशेजारी दुसरं ताट आलं ना, की घोटाळा होतो.

इंदुमतीला धाकटी बहीण, वत्सला. तिचा नवरा मुकुंदा. म्हणजे भालबाशेठचा साडू. आता साडू म्हणजे काय, हे इथल्या पुरुष मंडळींना सांगायला नको! एका सासऱ्याचे दोन जावई. जन्मभर एकमेकांची उंची मोजतात. हा मुकुंदा आधी भालबाशेठकडंच कामाला होता. हाताखाली शिकला, बाहेर पडला, आणि त्यानंही काय काढलं? घरघंटी!

आणि ती चालली, मंडळी! धो धो चालली! बायका म्हणायच्या, "मुकुंदाची द्या." बरं, त्या घरघंटीत होतं काय? काहीच नाही! पांढरा डबा, आणि पुढं एक लाकडी मूठ. लिंबाएवढी नाही, चांगली नारळाएवढी! इकडं फिरवली — चालू. तिकडं फिरवली — बंद. संपलं.

भालबाशेठच्या पोटात जाळ पेटला! कसा माहीत आहे? साडूकडं जेवायला गेले, पानात श्रीखंड — आणि यांचा घास उतरेना! का? तर जेवता जेवता मुकुंदाला गिऱ्हाइकाचा फोन आला. रस्त्यानं टेम्पो गेला, त्यात साडूची घरघंटी — हे मान वळवून वळवून बघणार, कुठल्या गल्लीत उतरते ती! इंदुमती एकदा सहज म्हणाली, "वत्सूचं बरं चाललंय हो." झालं! भाकरी ताटात ठेवून उठले. बायकोच्या तोंडून साडूचं कौतुक! अहो, निखारा खाईल माणूस, पण हे नाही खाणार.

मग भालबाशेठनी काय केलं? दुसऱ्याच्या नावानं मुकुंदाची घरघंटी विकत आणली. शेडचं दार लावलं. एकेक स्क्रू काढला. मोटर बघितली — आपल्यासारखीच. पाती बघितली — आपल्यासारखीच. सगळं उघडून मांडलं. आणि ती लाकडी मूठ? ती सगळ्यात आधी काढून बाजूला कोपऱ्यात ठेवली होती! म्हणाले, "एवढंच? एवढ्यावर हा पुढं गेला?" आणि रडू आलं त्यांना. खोटं नाही सांगत. रागानं रडू येतं तसं.

बायांनो, मध्येच एक विचारतो. कणीक मळताना दाराची बेल वाजली. हात पिठात. कडी कशानं काढता? कोपरानं! नळ कशानं सोडता? मनगटानं! बघा, सगळ्या हसल्या. पुरुष एक हसला नाही. त्यांना माहीतच नाही! पेटीवाले नानासाहेबसुद्धा बघा, माझ्याकडं कसे बघतात. ठेवा हे लक्षात, पुढं लागणार आहे.

तर भालबाशेठनी ठरवलं — याची एक मूठ, माझी सोळा बटणं! आणि बटणंसुद्धा साधी नाहीत. काळीभोर काच. तिच्यावर नुसतं बोट टेकवायचं, आतून निळे दिवे! गव्हाचं वेगळं, ज्वारीचं वेगळं, बेसनाचं वेगळं, भाजणीचं वेगळं. आणि घरघंटी बोलणार! आतून बाईचा गोड आवाज — "कृपया धान्य निवडा." "कृपया झाकण लावा." मोबाईलशी जोडलेली! तुम्ही मुंबईत, दळण कराडात! आता मुंबईत बसून कराडचं दळण कशाला सुरू करायचं, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? शेडमधले कामगार म्हणाले, "लय भारी, शेठ!" पगार कोण देतो? शेठ!

एक घरघंटी घरात आणून ठेवली. इंदुमतीला म्हणाले, "आता दळ! बघ, साडूच्या डब्यात आहे का हे?" आणि चमत्कार बघा! दुसऱ्याच आठवड्यात भाकरी अशी मऊ, अशी मऊ... भालबाशेठ प्रत्येक घासाला म्हणायचे, "बघितलंस? हे यंत्राचं पीठ!" दुकानदारांना जेवायला बोलवायचे, भाकरी खायला घालायचे, म्हणायचे, "चव बघा! मुकुंदाला जमेल?" इंदुमती खाली मान घालून वाढायची. काही बोलायची नाही. दोन वर्षं बोलली नाही!

आता केतकीचं लग्न ठरलं. मंगल कार्यालय घेतलं. आणि भालबाशेठच्या डोक्यात आलं — रुखवतात आपली घरघंटी मांडायची, मधोमध! आणि तेवढ्यावर नाही. लग्नाआधी हळद दळतात ना आपल्यात? जात्याच्या खुंट्याला आंब्याचा डहाळा बांधायचा, पाच सवाष्णींनी एकदम खुंट्याला हात लावायचा, हळद दळायची, आणि तीच नवरीला लावायची. भालबाशेठ म्हणाले, "जातं कशाला? माझ्या लेकीची हळद माझ्या यंत्रावर दळली जाईल!" दुकानदार बोलावले. फोटोवाला बोलावला. साडूला तर पहिल्या रांगेत बसवला. का? मान म्हणून? छे! त्यानं बघावं म्हणून! त्यानं जळावं म्हणून! जळणाऱ्याला थंडावा एकाच गोष्टीनं मिळतो हो — दुसरा जळताना बघून.

मुहूर्ताची वेळ आली. केतकी पाटावर बसली, पिवळं नेसून. पाच सवाष्णी पुढं आल्या. इंदुमती, वत्सला, भालबाशेठच्या दोन बहिणी आणि काकू. काकूंनी डहाळा हातात घेतला आणि घरघंटीभोवती फिरल्या. "अरे भालबा, हा बांधू कुठं? याला खुंटाच नाही!" काच गुळगुळीत, पत्रा गुळगुळीत. शेवटी डहाळा वर आडवा ठेवला. तो घसरला. परत ठेवला. परत घसरला!

"असू दे, असू दे," भालबाशेठ म्हणाले, "हात लावा पाचींनी!" पाच हात एकदम त्या काचेवर पडले. आता मंडळी, ती काच एका बोटाची! तिला काय ठाऊक, आपल्यात शुभकार्याला पाच जणी लागतात! सगळे दिवे लागले, सगळे विझले, आणि आतून गोड आवाज आला — "बालसुरक्षा सुरू झाली आहे. कृपया मुलांना यंत्रापासून दूर ठेवा!"

काकू ऐंशीच्या घरात! म्हणाल्या, "मूल कोण रे मेल्या?"

अख्खं कार्यालय हसलं! भालबाशेठ घामाघूम. कुलूप काढायचं मोबाईलवरून. त्यासाठी ओटीपी पाहिजे. कार्यालयाला जाड भिंती, रेंज नाही! शेठ खुर्चीवर चढले, हात वर करून मोबाईल धरला. ओटीपी काही येईना. अहो, देव येतो भक्ताच्या हाकेला, ओटीपी येत नाही! बऱ्याच वेळानं कुलूप आपोआप निघालं. भटजी म्हणाले, "शेठ, मुहूर्त चाललाय." काकू म्हणाल्या, "हळदीला खोळंबा चांगला नव्हे रे." केतकीच्या डोळ्यांत पाणी.

आणि काकूच पुढं म्हणाल्या, "अगं इंदू, तू रोज दळतेस ना यावर? तुझ्या हातातलं आहे. तू लाव!"

सगळं कार्यालय इंदुमतीकडं बघायला लागलं. ती पुढं झाली. हात तेल-कुंकवाचे. काचेवर बोट ठेवलं — काही नाही. पदराला हात पुसला, दुसरीकडं ठेवलं — "कृपया धान्य निवडा." तिसरीकडं ठेवलं — "कृपया धान्य निवडा!" बोट नुसतं फिरतंय काचेवर, वाट चुकल्यासारखं.

"अगं, डावीकडं वर!" शेठ ओरडले. "दोन वर्षं रोज दळतेस, आणि बटण सापडत नाही?"

इंदुमतीनं हात खाली घेतला. आणि पहिल्यांदा, चारचौघांत, मान वर करून म्हणाली, "नाही दळत."

"काय?"

"यावर नाही दळत मी. दर गुरुवारी डबा घेऊन वत्सूकडं जाते. तिच्याकडून दळून आणते."

मंडळी, दोन वर्षं! ज्या भाकरीवर भालबाशेठ मिशीला पीळ भरत होते, जी दुकानदारांना खाऊ घालत होते — ती साडूच्या पिठाची! आता विचार करा, त्या माणसाच्या काळजाचं काय झालं असेल! गिऱ्हाईक गेलं तर गेलं, दुसरं मिळेल. पण घरातलं माणूस? तेसुद्धा साडूकडं?

"मला सांगायचं नाही?" शेठनी विचारलं.

"कसं सांगू?" इंदुमती म्हणाली. "पहिल्या दिवशी हात पिठाचे होते, ती काच चालेना. मला वाटलं, मीच अडाणी. तुम्ही एवढं केलंय, सगळे वाहवा करतात, मग चूक माझीच असणार. आणि तुम्हाला साडूचं नाव घेतलं तरी त्रास होतो."

तेवढ्यात पाटावरून केतकी बोलली. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, एक मागू? ही घरघंटी माझ्याबरोबर सासरी देऊ नका. तिथं मला नाही चालवता आली, तर घरघंटीला कुणी नावं ठेवणार नाही. म्हणतील, सुनेला साधं दळता येत नाही. मलाच नावं ठेवतील, बाबा."

घ्या! बापाला लेकीनं हळदीच्या पाटावरून सांगितलं! मुकुंदा उठला. आता कुणालाही वाटेल, हा आपली घरघंटी मागवणार, मिरवणार! नाही. तो कार्यालयाच्या कोठीत गेला, तिथलं भाड्यानं द्यायचं दगडी जातं स्वतः उचलून आणलं, पुसलं आणि म्हणाला, "काकू, बांधा डहाळा. खुंटा आहे याला." आणि मागं जाऊन बसला.

पाच हात खुंट्यावर पडले. हळद दळली गेली. केतकीला लागली. आणि भालबाशेठ — आयुष्यात पहिल्यांदा — यंत्राकडं नाही, बायकांच्या हातांकडं बघत होते. एकीचा पंजा मोठा, एकीचा सुजलेला, काकूंची बोटं वाकलेली. पण खुंट्यावर सगळे बसत होते.

सगळं झाल्यावर ते साडूजवळ गेले. आपण होऊन विचारलं, "मुकुंदराव, ती लाकडी मूठ तुम्हाला कशी सुचली?"

मुकुंदा हसला. "सुचली कुठली? पहिल्या घरघंटीला मी तुमच्यासारखीच बारीक बटणं लावली होती. वत्सलानं पिठाच्या हातानं दाबून बघितली आणि मला जे झाडलं! 'तुम्ही मळा एकदा कणीक, मग बटण दाबा!' शेजारपाजारचे गोळा झाले, एवढं झाडलं. म्हटलं, बाई, मनगटानं फिरेल असं काहीतरी करून देतो, पण गप्प हो."

आता मला सांगा मंडळी — हे ऐकून भालबाशेठचा मत्सर गेला का? तुम्ही म्हणाल, गेला. कीर्तनात जातो नेहमी! नाही गेला. उलट असा उसळला, असा उसळला, की पहिला जाळ त्यापुढं शेकोटी! पण आता कशाचा मत्सर? धंद्याचा नाही. मुठीचा नाही. त्यांना वाटलं — याची बायको याला तोंडावर झाडते! आणि माझी? माझी दोन वर्षं डबा घेऊन गुपचूप बहिणीकडं जाते, पण मला एक शब्द बोलत नाही! साडूनं काय मिळवलंय बघा! घरात त्याला शिव्या मिळतात, आणि मी त्या शिव्यांना मुकलो!

त्या रात्री त्यांनी घरातली घरघंटी उघडली नाही. बायकोपुढं बसले. म्हणाले, "इंदू, कुठं अडतं ते सांग." ती म्हणाली, "जाऊ द्या हो." हे म्हणाले, "जाऊ देणार नाही. मला झाड. वत्सला झाडते तशी!" ती हसली. मग सांगायला लागली. आणि शेठ मधे एकदाही बोलले नाहीत. हेच मोठं तप, मंडळी! जंगलात जाऊन बसणं सोपं आहे. स्वतः केलेल्या वस्तूला बायको नावं ठेवतेय, आणि गप्प बसायचं — करून बघा!

आता पहिल्या प्रश्नाकडं या. मत्सर आंधळा असतो का? नसतो! त्याला लख्ख दिसतं. पण त्याला खिडकी एकच असते, आणि ती शेजाऱ्याच्या घराकडं उघडते. साडूचा टेम्पो कुठल्या गल्लीत वळला, ते भालबाशेठना दिसलं. गुरुवारी आपल्याच दारातून पिठाचा डबा बाहेर जातो, ते दिसलं नाही!

आणि तुम्ही? काय हसताय! तुम्ही घरघंटी बनवत नसाल, घर तर बनवता ना? शेजाऱ्यासारखा टीव्ही आणला, भिंतीवर टांगला, आणि आईला तो लावता येईना, म्हणून ती काळ्या पडद्यापुढं नुसती बसते. चिडून तिला काय म्हणता? "एवढं साधं येत नाही?" येत नाही! आणि ती बापडी म्हणते, "मीच अडाणी." बाबांनो, तिला अडाणी कुणी केलं?

तेव्हा आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा शेजाऱ्यापेक्षा जास्त मागू नका. एवढंच मागा, की देवा, माझ्या घरातलं माणूस मला तोंडावर बोलू दे. आणि घरी गेलात की विचारा — "माझं कुठं अडतं गं तुला?" मग गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही. वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नसतं हो. थांबा. ती "जाऊ द्या" म्हणेल. तुम्ही जाऊ देऊ नका.

वाजवा पखवाज. आणि टाळ्या दोन्ही हातांनी वाजवा सगळ्यांनी — मोबाईल खिशात ठेवून!