सकाळी सातची बोहनी

एका ग्राफने माझी लाज काढली रे, ऐक. आमचा नवा मोबाइल गेम येऊन तीन आठवडे झालेले. मीटिंगमध्ये मी कमाईचा ग्राफ दाखवत छाती फुगवून सांगत होतो, "सर, रोज सकाळी सातला कमाई होतेच. लोकांना सवय लागलीय!"

सरांनी खरेदीची यादी उघडली. रोज सातला दहा रुपये भरून गेममधली नाणी घेणारी एकच खेळाडू होती, 'सुनंदा लालबाग'. तीन आठवड्यांत दुसरं कोणीच नाही.

"ही कोण?"

"आई."

माझी आई लालबागला फुलं विकते. सरांनी तिथेच स्पीकरवर फोन लावायला लावला.

आई म्हणाली, "अरे, सकाळी बोहनी कोणीतरी करायला नको? म्हणून मीच करते. मग दिवसभर गिऱ्हाईक येतं ना रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "येतं, आई."