पत्र्याच्या शेडातला सर्व्हर

लातुरात चांदपाशाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप घ्यायला आलेल्या नाजियाने कान टवकारले. शेजारी शेषेराव आणि तुळजाबाई घरचे फोटो साठवलेला सर्व्हर पोत्यात गुंडाळून घेऊन बसले होते.

"वीज पडल्यापास्नं पोरांच्या फोनवर जुन्या गावाचे फोटू दिसंना गेलेत, चांदपाशा."

"फोटू सलामत हायत, मामा. नेटवर्कची वायर लावायचं पोर्ट जळालंय."

"आमच्या लग्नातला बी हाय का रे? त्यात ह्यांना मिशा होत्या."

"हाय, मामी. पण वायर कुठून नेली होती?"

"अंगणातून, पत्र्याच्या शेडात."

"तिथूनच वीज घुसली! घरात स्लॅबखाली ठेवा की."

"हे स्वतः झोपत न्हाईत स्लॅबखाली. भूकंपापास्नं शेडातच."

"मग पुन्हा जळंल, मामा."

"वायर काढ, वायफाय लाव. भूकंपात गाव एकदा माळवदाच्या मातीखाली गेलंय. आता शेडातच राहू दे."