बिनसाखरेची टॉफी

रंभाबाई : उतरवा आता. खाली लागून राह्यलं, वास नाही येत का तुमाले?

श्रीपत : थांब जरा. तार आली नाही अजून.

रंभाबाई : कशाची तार? साखर टाकली का त्याच्यात?

श्रीपत : नाही.

रंभाबाई : मग? दूध आहे, शेंगदाण्याचा कूट आहे, लोणी आहे. त्याले तार कुठून येईन? सकाळपासून दोन बोटं चिमटून पाहून राह्यले. एक पातेलं तर तसंच कोळसा झालं.

श्रीपत : हाताला सवय आहे गं. चलथाणच्या साखर कारखान्यात एकतीस वर्षं पाक उकळायला उभा होतो. रस आटून दाणा धरला की काचेवर थेंब घ्यायचा, बोटानं चोळायचा आणि सांगायचं, सोडा आता. साहेब लोक आधी यंत्रात बघायचे, मग माझ्या तोंडाकडे.

रंभाबाई : हो. अन् त्याच हातानं...

श्रीपत : बोल की. अर्धं कशाला गिळतेस?

रंभाबाई : नाही बोलत. उतरवा ते.

श्रीपत : त्याच हातानं नातीला दवाखान्यात घातलं. हेच ना?

रंभाबाई : मी नाही म्हंतलं. तुमीच म्हंता, रोज. घ्या हे फडकं, हात भाजन.

श्रीपत : उतरवलं, बाई. बघ, गोळा सुटला कडेनं. आता सॅकरीन टाक. आधी टाकायचं नाही, शिजलं की आणखी कडवट होतंय. चार गोळ्या, चुरून.

रंभाबाई : चारच? तवा किती टाकत व्हते साखर! अख्खी गल्ली टॉफी खाये तुमच्या हातची. जयंती आली की पोरंसोरं मिरवणुकीच्या आधी आपल्या दारात.

श्रीपत : चैताली सगळ्यात पुढे. निळा फ्रॉक, दोन वेण्या. दाताखाली कट् करून मोडायची आणि माझ्याकडे बघून हसायची. तिला चवीपेक्षा तो आवाज आवडायचा बघ.

रंभाबाई : आपल्या लेकीनं, विजीनं सांगतलं व्हतं तुमाले. डॉक्टरनं सांगतलं व्हतं. मी चारदा सांगतलं, पोरीले शुगर आहे, सुई घेते ती रोज.

श्रीपत : पटलंच नाही मला. सहा वर्षांच्या पोरीला कुठं शुगर होते? म्हाताऱ्यांचं दुखणं ते. म्हटलं प्लेगच्या सालात सगळी सुरत घाबरलेली, डॉक्टरही घाबरले असतील, काहीतरी लिहून दिलं. आणि खरं सांगू? मला वाटलं, बाजारातली साखर वेगळी आणि माझ्या डोळ्यांदेखत झालेली साखर वेगळी. माझ्या हातची साखर माझ्याच नातीला काय करणार आहे!

रंभाबाई : त्या जयंतीले लपून दिल्या तुमी.

श्रीपत : लपून दिल्या. पाच तिथंच खायला, मूठभर खिशात. आईला सांगू नको म्हटलं.

रंभाबाई : अन् रात्री ओकाऱ्या. दोन दिवस सलाईन. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले लेकरानं.

श्रीपत : माहीत आहे.

रंभाबाई : दोन वर्षं झाली. विजी येते महिन्याच्या महिन्याले, तासभर बसते, मले दुखलंखुपलं विचारते अन् जाते. पोरीले नाही आनत.

श्रीपत : विजीचं भेस्तान काय परदेशात आहे? इथून बस, उधन्याला बदलायची. पाऊण तास. मी दोनदा गेलो होतो. चैतालीच्या शाळेच्या समोर, रसाच्या गाडीपाशी उभा राहिलो.

रंभाबाई : कवा? मले नाही सांगतलं!

श्रीपत : काय सांगू? शाळा सुटली, ती बाहेर आली. उंच झालीय. मैत्रिणीशी गुजरातीत भांडत होती, चांगली कचाकचा. मी हाक नाही मारली.

रंभाबाई : कायले नाही मारली?

श्रीपत : काय देणार होतो हातात? आजोबा रिकाम्या हातानं जातो का कुठं?

रंभाबाई : घ्या, ताटाले तूप लावलं. थापा आता, नाहीतर गार होईन. अन् तो डिंक?

श्रीपत : आण. तळून ठेचून ठेवलाय त्या वाटीत. वरून दाबायचा. साखर नाही तर टॉफी मोडायची कशी, याच्यावर मी पंधरा दिवस डोकं घासलं. कट् व्हायला पाहिजे ना काहीतरी.

रंभाबाई : विजी येईन इतक्यात. ते कॅलेंडर काढून ठेवा आधी.

श्रीपत : राहू दे गं. ती कुठं भिंतीकडे बघते.

(जिन्यावर चपला वाजतात. श्रीपत ताटावर झाकण ठेवतो, काढतो, पुन्हा ठेवतो. आणि एकाच माणसाच्या चपलांचा आवाज आहे हे कळत असूनही मान उंच करून पायरीकडे बघतो.)

विजया : आई, कसला गं वास हा? काही जळलं का?

श्रीपत : ये, विजू. एकटीच?

विजया : एकटीच. दर वेळी विचारता, आबा. उत्तर बदलत नाही.

रंभाबाई : बस तं खरी. पानी घे.

विजया : टॉफी करताय तुम्ही? आबा, आजही? या घरात अजून...

श्रीपत : साखर नाही त्यात. गूळ नाही, खजूर नाही. दूध, शेंगदाणे, लोणी, डिंक आणि सॅकरीन. उधन्याच्या डॉक्टरांना कागदावर लिहून दाखवलं. ते म्हणाले, दुधाची साखर थोडी राहते, म्हणून दिवसाला एक, तीही जेवणावर. त्यांची सही घेतलीय खाली. हा घे कागद.

विजया : कागद काय करू मी? तेव्हाही तुम्ही म्हणाला होता, काही होत नाही.

श्रीपत : म्हणालो होतो.

विजया : मग आज कशावरून विश्वास ठेवू? सांगा ना. आणि... हे काय आहे? कॅलेंडरवर काय चिकटवलंय हे?

रंभाबाई : काही नाही, दूधवाल्याचं आहे.

विजया : आई, मी रोज सकाळी हेच बघून दिवस सुरू करते. लघवीत शुगर बघायच्या पट्ट्या आहेत या. निळी, निळी, हिरवट... ही तपकिरी कधीची? कोणाच्या या पट्ट्या?

श्रीपत : तपकिरी खजुराच्या टॉफीची. खजूर चालेल असं वाटलं होतं मला. हिरवट आहे ती दूध कमी आटलं तेव्हाची. खालच्या चारही निळ्या आहेत ना, म्हणजे शुगर नाही, त्या आत्ताच्या पद्धतीच्या. सलग चार दिवस.

विजया : मी विचारलं, कोणाच्या?

रंभाबाई : सांगून टाका आता.

श्रीपत : माझ्या. गणपतीच्या सुमारास शुगर निघाली मलाही. गोळ्या चालू आहेत. फार नाही.

विजया : आणि मला सांगितलं नाही? आई, तूसुद्धा?

रंभाबाई : त्याहीनं शपथ घातली मले. म्हंतलं, तिले वाटन म्हातारा दया मागून राह्यला.

विजया : आणि शुगर असताना तुम्ही खजुराच्या टॉफ्या खाऊन बघितल्या? स्वतःवर? आबा, या वयात पाय जातात लोकांचे, डोळे जातात!

श्रीपत : मग कोणावर बघायचं होतं? पुन्हा तिच्यावर?

रंभाबाई : विजी, रडू नको. पानी पी.

विजया : रडत नाही मी. धूर झालाय घरात. द्या इकडे ती.

श्रीपत : गरम आहे अजून. थांब, दोऱ्यानं कापतो. सुरी लावली की डिंक उडतो. हं, घे. काय? सांग की.

विजया : कट् झालं.

श्रीपत : झालं ना? ऐकलंस, रंभे?

विजया : आधी गोड लागते. शेवटी कडवट.

श्रीपत : सॅकरीन आहे. ते काही जात नाही. वेलची घातली, जायफळ घातलं, नाही गेलं.

विजया : तिला लगेच कळेल, ही ती नाही म्हणून.

श्रीपत : कळू दे. मीच सांगणार आहे, ही ती नाही. तिच्याशी आता खोटं बोलायचं नाही मला. तू डबा घेऊन जा, विजू. मी दिल्या हेही नको सांगू हवं तर. बाजारातून आणल्या म्हण. फक्त ती मोडते तेव्हा कशी हसते, ते पुढच्या महिन्यात येशील तेव्हा मला सांग. तेवढं पुरे.

विजया : तिच्याकडे एक आहे, आबा.

श्रीपत : काय?

विजया : त्या दिवसाची. तुम्ही खिशात घातलेल्यातली. मला वाटलं सगळ्या फेकल्या मी. परवा कंपासपेटी साफ करताना सापडली. कागदाला चिकटून गेलीय, मुंग्यासुद्धा लागून गेल्या असतील. ओरडले मी. तर म्हणते, मम्मी, मी खात नाही, नुसता वास घेते. नाना आजोबांच्या घराचा वास येतो.

रंभाबाई : अगं माय गं!

विजया : दोन वर्षं, आई. रोज चार सुया टोचून घेते आणि पेटीत टॉफी ठेवून एकदाही चाटत नाही. आणि मी तिला सांगत होते, नानांना बरं नाही, नानांना वेळ नाही. शेवटी ती विचारायचीच थांबली.

श्रीपत : फेकलीस का ती?

विजया : नाही. हात धजला नाही.

श्रीपत : मग तिला म्हणावं, ती मला परत आणून दे. माझी चूक आहे ती, माझ्याकडे राहू दे. नानांनी बदलून द्यायची ठरवलीय म्हणावं.

विजया : डबा ठेवा इथंच. मी नेत नाही.

श्रीपत : बरं. जशी तुझी मर्जी.

विजया : शनिवारी तिची शाळा सकाळची असते. साडेअकराला सुटते. जेवायलाच येतो आम्ही. सुई बरोबर आणीन. तुमच्या हातानं द्या तुम्ही, मी समोर बसेन. एकच.

श्रीपत : एकच.

रंभाबाई : आता कुठं निघाले? बसा ना. पोरगी आली अन् तुमी चप्पल घालून राह्यले.

श्रीपत : दूधवाल्याकडे जाऊन येतो. शुक्रवारचं एक लिटर जास्तीचं आत्ताच सांगून ठेवतो, मागाहून म्हणेल सांगितलं नव्हतं.

विजया : आबा, आज मंगळवार आहे.

श्रीपत : असू दे गं.